बाटली तुमच्या बॅगेत ठेवू नका, ताई

आर्वी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून इथे देते.

"आमचा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्यानं जानेवारीत आम्हा दोघांसाठी आणि त्याच्या सासू-सासऱ्यांसाठी रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर चार रात्रींची सफर बुक केली. आमच्या ह्यांना रोज संध्याकाळी दोन पेग लागतात. मुलगा बोलता बोलता सांगून गेला का जहाजावर एकेक पेग बारा-चौदा डॉलरला पडते. तेव्हापासून ह्यांचं एकच चालू आहे, 'पोराच्या डोक्यावर एवढा खर्च कायले टाकाचा, दोन बाटल्या इथूनच नेऊ.' त्यांच्या एका मित्रानं सांगितलं का पाण्याच्या बाटलीत भरून झाकणाला सील मारून नेता येते, आणि बाईच्या बॅगेत ठेवली तर कोणी उघडत नाही. मला रात्री झोप लागत नाही. व्याह्यांसमोर काही झालं तर काय इज्जत राहील? नाही म्हटलं तर घरात आठ दिवस अबोला. जहाजावर दारू नेता येते का, किती नेता येते, खर्च किती येतो, सगळं सांगा. आणि ह्यांना कसं समजावू, तेही सांगा."

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. व्हिस्की, रम, व्होडका, बिअर, यातलं काहीच प्रवाशाला त्या जहाजावर नेता येत नाही. सीलबंद असो, फोडलेली असो, एक असो की दोन, नाहीच. सूट आहे ती फक्त वाइनला. चढायच्या दिवशी दर प्रौढ माणसामागे ७५० मिलिची एक बाटली, हातातल्या बॅगेतून, उघड दाखवून. ती स्वतःच्या खोलीत बसून प्यायली तर वरखर्च नाही. जेवणाच्या हॉलमध्ये किंवा बारमध्ये नेली तर बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज लागतं, म्हणजे तुमचीच बाटली उघडून पेल्यात ओतून देण्याचे पैसे.

भाऊजी म्हणतील, ही कंपनी कडक असेल, दुसऱ्या सोडत असतील. तर तेही सांगून ठेवते. कार्निव्हलचा नियम जवळपास हाच आहे. नॉर्वेजियन कंपनी वाइनच्या कितीही बाटल्या नेऊ देते, पण प्रत्येक बाटलीमागे १५ डॉलर घेते आणि दीड लिटरच्या मोठ्या बाटलीला ३०. प्रिन्सेसवर माणसामागे एक बाटली मोकळी, तिच्या वरच्या प्रत्येक बाटलीला २० डॉलर. डिस्नेच्या जहाजावर दोन वाइन किंवा सहा बिअर चालतात. आपल्या मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू आत येऊच देत नाहीत. वाइन-बिअरचं असं कुठे कमी, कुठे जास्त आहे. पण व्हिस्की-रमची बाटली बॅगेतून घेऊन या, असं यातली एकही कंपनी म्हणत नाही.

कारण उघड आहे. जहाजाचं तिकीट ते बेताचं ठेवतात आणि कमाई बारमधून करतात. दुसरंही एक कारण आहे आणि मला ते पटतं. भर समुद्रात हजारो माणसं, खोलीला गॅलरी, गॅलरीला कठडा. कोण किती प्यायलं याची नोंद बारमध्ये राहते, जास्त झालेल्याला बारवाला नाही म्हणू शकतो. खोलीत लपून पिणाऱ्याला कोण थांबवणार?

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले त्याबद्दल. 'बाईच्या बॅगेत ठेवली तर कोणी उघडत नाही.' ताई, बंदरावर बाईची बॅग आणि बाप्याची बॅग असा फरक नसतो. प्रत्येक बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावरून जाते. मोठ्या बॅगा तुम्ही खाली हमालाकडे देता, त्या आतल्या आत तपासून खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. त्यात बाटली दिसली तर बॅग येत नाही. पाण्याच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या, गुळण्या करायच्या औषधाच्या बाटल्या उघडून पाहायचा त्यांना अधिकार आहे, आणि तसं नियमातच लिहिलेलं आहे. भाऊजींच्या मित्राला सुचलेली युक्ती त्यांनी हजारदा पाहिली आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. तिकीट-बुकिंगचं माझं छोटं ऑफिस आहे, आणि काही वर्षांआधी आपल्याच भागातली मंडळी घेऊन मी अशाच एका सफरीला गेले होते. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांनी रम पाण्याच्या दोन बाटल्यांत भरून बायकोच्या बॅगेत, साड्यांच्या मधोमध ठेवली होती. संध्याकाळचे सात वाजले, सगळ्यांच्या बॅगा आल्या, त्यांची एक आली नाही. मग खोलीत फोन आला. टॅगवर बाईंचं नाव होतं, म्हणून बोलावणं बाईंनाच. इंग्रजी येत नाही म्हणून मी सोबत उतरले.

खालच्या मजल्यावर एक लांबट खोली, मध्ये स्टीलचं टेबल. पहारेकऱ्यानं रबरी हातमोजे घातले आणि बाईंनाच बॅग उघडायला सांगितली. बॅगेला त्यांनी घरून निघताना निळी नायलॉनची दोरी बांधली होती, तिची गाठ सुटेना. मी सोडून दिली. मग एकेक वस्तू टेबलावर. घडीच्या साड्या, परकर, कुंकवाचा करंडा, नातवासाठी घेतलेलं टोपडं. त्यांच्या खाली त्या दोन बाटल्या. त्यानं झाकण फिरवलं, नाकाशी नेलं, काहीही न बोलता बेसिनमध्ये ओतून टाकलं. आवाज चढवला नाही, दंड लावला नाही, फक्त वहीवर बाईंची सही घेतली. घरचे म्हणाले, एवढंच ना. पण त्या बाई त्या रात्री जेवायला आल्या नाहीत, आणि सफर संपेपर्यंत पांढऱ्या गणवेशातला माणूस समोरून आला की पदर सावरत बाजूला होत. दारू कधी जिभेला न लावलेली बाई ती. सही मात्र तिची.

म्हणून सांगते, बाकी काही करा न करा, ती बाटली तुमच्या बॅगेत ठेवू देऊ नका. बॅगेच्या टॅगवर ज्याचं नाव, माल त्याचा. पकडलेली दारू परत मिळत नाही. प्रकरण वाढवलं तर जहाजावर न घेण्याचा, किंवा मधल्या बंदरात स्वखर्चाने उतरवून देण्याचाही अधिकार कंपनीकडे असतो. दोन बाटल्यांसाठी सहसा एवढं होत नाही, पण मुलानं भरलेलं तिकीट अशा अधिकारावर टांगून ठेवायचं कशाला?

आणि सिंगापूर तर पुढची गोष्ट. तुमचा जिल्हा कोणता? वर्धा. सत्तरच्या दशकापासून तिथे दारूबंदी आहे. भाऊजींची बाटली नदीपलीकडून, अमरावती जिल्ह्यातून येत असणार हे मला न सांगताही कळतं, आणि मी त्यावर भाषण देणार नाही. पण गाडीत दोन बाटल्या घालून तुम्ही आर्वीहून नागपूरच्या विमानतळाकडे निघाल, तेव्हा पहिला गुन्हा तुमच्याच गावच्या रस्त्यावर होईल. पुढे विमानातही फक्त दुकानातली सीलबंद बाटली चालते, तीही खाली द्यायच्या सामानात, माणसी ५ लिटरपर्यंत. पाण्याच्या बाटलीत भरलेली दारू तिथेच नियमाबाहेर जाते. कोणी प्रेमानं मोहाची दिली तर ती कुठल्याच नियमात बसत नाही.

आता खर्च. मला वाटतं खरी भीती आकड्याची आहे, आणि आकडा अजून कोणी कागदावर मांडलेलाच नाही. मांडू या.

जहाज सिंगापूरहून सुटत असलं तरी आतला हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये असतो, हे आधी लक्षात घ्या. सिंगापूरचा डॉलर समजून चाललात तर गणित चुकेल. पेग १४ डॉलरचा धरू. रोजचे दोन, चार रात्री, म्हणजे आठ पेग. आठ गुणिले चौदा, ११२ डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं, ते साधारण २० डॉलर. झाले १३२. डॉलर ९० रुपयांचा धरला तर १२ हजारांच्या आत.

१२ हजार म्हणजे थोडे नाहीत, हे मला कळतं. सोयाबीनच्या किती पोत्यांचे पैसे होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण भाऊजींच्या मनात जो पन्नास हजार, लाखाचा आकडा असेल तो हा नाही. आणि रोज दोनच्या जागी एक घेतला तर ६ हजार. बिअर घेतली तर आणखी कमी.

एवढा मोठा आकडा येतो कुठून, तेही सांगते. तो पॅकेजमधून येतो. बुकिंग झालं की मुलाला मेलवर मेल येत असतील, 'हवं तेवढं प्या' अशा पॅकेजचे. त्याचा भाव जहाज आणि तारीख पाहून बदलतो. उदाहरणाला रोजचे ७५ डॉलर धरू. त्यात एक मेख आहे. एका खोलीतल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावं लागतं. नवऱ्यानं एकट्यानं घ्यायचं आणि दोघांनी मिळून प्यायचं, असं होऊ नये म्हणून हा नियम. म्हणजे ताई, तुम्ही लिंबूपाणी पिणार आणि पैसे दारूचे भरणार. चार दिवसांचे दोघांचे ६०० डॉलर, वर सेवाशुल्क, मिळून ७०८. रुपयांत ६३ हजारांच्या वर. रोज पाच-सहा पेग आणि वर कॉफी-ज्यूस घेणाऱ्या जोडप्यालाच ते परवडतं. दोन पेगवाल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. मुलानं प्रेमापोटी आधीच घेऊन टाकलं असेल तर सफर सुरू होण्याआधी सहसा रद्द करता येतं. त्याला आजच विचारा.

एवढं लिहूनही मला वाटतं की हा प्रश्न पूर्णपणे पैशांचा नाही. तुमच्या पत्रात भाऊजींचे शब्द आहेत, 'पोराच्या डोक्यावर कायले टाकाचा.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. हा कंजूष माणूस बोलत नाही. हा बाप बोलतो आहे. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड मिळतं, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. घेतलेली प्रत्येक गोष्ट त्या खोलीच्या खात्यावर चढते आणि शेवटी मुलाच्या बँक कार्डावरून कापली जाते. यादीत तारीख असते, वेळ असते, बारचं नाव असतं. आपण किती वाजता काय प्यायलो हे पोरानं, कदाचित सुनेनं वाचावं, ही गोष्ट ज्या माणसानं आयुष्यभर मुलासमोर पेला धरला नाही त्याला किती जड जात असेल! पाण्याची बाटली त्यापायी सुचली आहे, असं मला वाटतं.

याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. तुमच्या दोघांच्या खोलीचं खातं मुलाच्या कार्डाला जोडूच देऊ नका. चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेस नावाचा काउंटर असतो, तिथे रोख डॉलर भरून खातं सुरू करता येतं. नागपुरातून निघण्याआधी अधिकृत ठिकाणी पासपोर्ट दाखवून २०० डॉलर घ्या, तेवढे तिथे भरा. उरलेले शेवटी परत मिळतात. भाऊजींचा पेग, भाऊजींचा पैसा, आणि यादी त्यांच्याच हातात. व्याही वेगळ्या खोलीत, त्यांचं खातं वेगळं. कोणाचं कोणाला दिसत नाही.

हे त्यांना सांगताना नियमांपासून सुरुवात करू नका. 'पकडले जाल' म्हटलं की आपल्याकडचा माणूस आणखी अडून बसतो. संध्याकाळच्या आधी, सकाळच्या चहाला बोला. म्हणा, "पोराच्या पैशांची काळजी तुम्हाले आहे, मले बी आहे. म्हणून आपण आपले दोनशे डॉलर घेऊन जाऊ. तुम्ही मस्त खुर्चीवर बसून, बर्फ टाकून घ्या. लपूनछपून काहून?" आणि एक गोष्ट ठामपणे, एकदाच सांगा, "माझ्या बॅगेत ते ठेवायचं नाही." अबोला झाला तर होऊ द्या. आठ दिवसांचा अबोला तुम्ही याआधीही काढला असेल. बंदरावरची ती सही आयुष्यभर लक्षात राहते.

त्यांना काहीतरी सोबत न्यायचंच असेल तर वाइन हा मार्ग उघडा आहे. दोघांच्या नावावर दोन बाटल्या, सिंगापूरला उतरल्यावर मुलाच्या घरून न्याव्यात, इथून ओझं नको. व्हिस्कीवाल्याला ती सरबतासारखी लागेल, पण त्यातली एक व्याह्यांसोबत जेवताना उघडली तर मान राहतो. १५ डॉलर कॉर्केज त्या प्रसंगाला द्यायला हरकत नाही.

मधल्या बंदरात स्वस्त मिळाली म्हणून बाटली घेतली तर चढताना ती ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. जहाजावरच्या ड्युटी-फ्री दुकानाचंही तेच. म्हणजे ती सफरीत प्यायची नाही, घरी न्यायची. सिंगापूरला परत उतरताना शेवटचं बंदर मलेशियातलं असेल तर सिंगापूरच्या कस्टममध्ये दारूवर सूट नाही, कर भरावा लागतो. भारतात परतताना माणसी २ लिटर मोकळे आहेत. मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलत असाल तर कस्टममधून बाहेर आल्यावर बाटल्या खाली द्यायच्या बॅगेत टाका, हातात ठेवल्या तर पुढच्या तपासणीत जातील. आणि हे २ लिटर कस्टमचे आहेत, वर्धा जिल्ह्याचे नाहीत. विमानतळावरची पावती दाखवून तुमच्या तालुक्यात बाटली बाळगता येत नाही. गडचिरोलीच्या वाचकांनाही हेच लागू, तिथे १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी मात्र २०२१ मध्ये उठली. मुंबई-गोवा सफर करणाऱ्यांनी गोव्याची स्वस्त बाटली विनापरवाना महाराष्ट्रात उतरवू नये, तोही गुन्हाच आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं असं एक. भाऊजी खर्रा खातात का? आपल्याकडे दहातले कितीतरी खातात म्हणून विचारते. सिंगापुरात खायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे. खर्रा, गुटखा, तंबाखूची पुडी, काहीच नाही. दारूची सीलबंद बाटली सिंगापूरच्या कस्टमला एकवेळ चालेल, खर्ऱ्याची पन्नी चालणार नाही. सदऱ्याचे, पँटचे, जुन्या बॅगेचे सगळे खिसे तुम्ही स्वतः उलटे करून बघा. सिगारेटच्या एका पाकिटावरही तिथे कर आहे.

आणि एक काळजीनं सांगते. दोन पेग म्हणजे खरंच दोन का, हे तुम्हालाच माहीत. सकाळी हात थरथरतो, घाम सुटतो, घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, असं असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. खूप वर्षं जास्त पिणाऱ्यानं प्रवासात एकाएकी बंद केली तर तब्येत जोरात बिघडू शकते, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल पेगच्या बिलाहून कितीतरी मोठं असतं. प्रवासाचा विमा मुलानं काढला आहे का, त्यात आधीचे आजार लिहिले आहेत का, हेही बघून घ्या. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

बॅग भरताना घरची इस्त्री, पाणी गरम करायची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून ठेवा, आगीच्या भीतीनं तेही जप्त करतात. घरी केलेला चिवडा-लाडू मुलाच्या घरीच संपवा, जहाजावर फक्त दुकानातली बंद पाकिटं न्या. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात मुलाला कंपनीच्या साइटवरचं दारूबद्दलचं पान उघडून भाऊजींना फोनवर वाचून दाखवायला सांगा. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मुलाच्या तोंडून ऐकलेलं त्यांना लवकर पटेल, आणि तुम्हाला परत तो विषय काढावा लागणार नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये एसी फार कडक असतो. दोघांसाठी शाल घ्या, तुमची बॅगेत वरच ठेवा.